दारात कोलम नसलं तेव्हा

पहाटे पिठाचा डबा उघडला आणि तांदळाच्या कोरड्या वासासरशी वेस्ट मांबलममधल्या या तमिळ सासरची, लग्नानंतरची ती सकाळ आठवली. पहाटे दारात तांदळाच्या पिठाच्या कोलमची रांगोळी नसली की घरात कुणी गेलं असं इथे समजतात, हे मला ठाऊक नव्हतं. आदल्या रात्री कादंबरी वाचत जागले आणि उन्हं येईपर्यंत झोपले. सासरे तापानं आजारी होते. शेजारच्या मामी डोळे पुसतच आल्या. "मामा केव्हा गेले?"

"मी आहे हो अजून," सासरेच खोलीतून म्हणाले, "सून झोपलीय!"

शरमेनं मला पांघरुणातून तोंड काढवेना. तेव्हापासून लवकर निजते, पहाटे उठते.

आजही उठले, मूठभर पीठ घेऊन दारात गेले आणि थांबले. सासरे काल गेले. समोरून मामी आल्या, काही न विचारता. मी मात्र आतून सासऱ्यांचे ते शब्द येण्याची वाट पाहत राहिले.