कासवांसाठी विस्तव

लढाईची वर्षं होती. रॉकेल रेशनवर, काडेपेटी मिळाली तर मिळाली. आणि मी सांगलीच्या त्या आळीत बिऱ्हाड मांडून चार दिवस होत नाहीत तोवर सगळ्यांना सांगून मोकळी झाले होते, की आमच्याकडं चूल नाही. आमचे हे वीज कंपनीत वायरमन. खोलीत विजेचा दिवा आणि स्वयंपाकाला वातीचा स्टो. माझं माहेर कराडजवळच्या खेड्यातलं, त्यामुळे लग्नापर्यंतचा जन्म धुरात डोळे चोळण्यात गेलेला. चूल नसल्याचा मला भारी तोरा होता. समोरची म्हातारी दारात गोवऱ्या थापत बसायची आणि मी मुद्दाम परीटघडीचं लुगडं नेसून तिच्यापुढून जायचे.

आमच्याकडं विजेचा आणखी एक दिवा होता. तो चहाच्या लाकडी खोक्यात जळायचा, यांच्या कासवांसाठी. आटपाडीकडच्या माळावरून एका मेंढपाळानं दिलेली पिल्लं होती ती, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेली, मुठीत मावतील एवढी. आणली तेव्हा तीन होती. मागल्या पौषात एक गारठून मेलं. यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, घरात मूल नव्हतं, आणि त्या कासवांना मेथीची पानं चारताना यांचा चेहरा जसा व्हायचा तसा माझ्याकडं बघताना कधी होत नसे. मला राग यायचा. पण पानं निवडून मीच ठेवायचे.

त्या वर्षी थंडी कडाक्याची पडली आणि नेमकं पॉवर हाऊसचं इंजिन बंद पडलं. हे सकाळी गेले ते दुरुस्तीतच अडकले. जाताना एवढंच म्हणाले, "तेवढी ऊब ठेव गं त्यांना." दुपारपर्यंत मी खोकं उन्हात ठेवलं. ऊन उतरलं तशी दोघांनी डोकी आत ओढली. पाय ओढून पाहिले तर काही हालचाल नाही. स्टो पेटवायला गेले, तर टाकीत रॉकेल नाही. चूल असती तर निखारे असते. पण चूल नव्हती ना आमच्याकडं!

पदर सारखा केला आणि हातात खापर घेऊन समोर गेले. एव्हाना दिवेलागण झाली होती. म्हातारीच्या चुलीत निखारे चांगले फुललेले होते. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही.

"दिवं लागल्यावर इस्तू देत न्हाईत, बाई. लक्ष्मी जाती घरातली."

हे मलाही ठाऊक होतं. माझी आईही द्यायची नाही. मी तशीच उभी राहिले.

"घरात बाळंतीण असली तर गोष्ट येगळी," म्हातारी म्हणाली. "तिच्या शेगडीला न्हाई म्हनू नये. हाय का कोन?"

तिनं वाट दाखवली आणि मी त्या वाटेनं गेले.

"नणंद आहे," मी म्हणाले.

"कवा आली?"

"काल. अंधार पडल्यावर."

"आन् काय झालं? पोरगा का पोरगी?"

पोरगा म्हटलं तर पेढे वाटावे लागतील, एवढा हिशेब त्या क्षणीही मला सुचला. "पोरगी," मी म्हणाले.

म्हातारी झटक्यात उठली. चुलीत होते नव्हते तेवढे निखारे माझ्या खापरात ओतले, वर दोन गोवऱ्या दिल्या, धुरीला मूठभर ओवा पदरात टाकला. "पळ, पळ, गारठंल ती," म्हणाली. मी खरंच पळाले.

बाजेवर पोतं टाकलं, त्यावर खोकं, आणि बाजेखाली त्या खापराचीच शेगडी. बाळंतिणीची असते तशी, अगदी तशी. खोक्याला हात लावून बघायचा, जास्त तापलं की शेगडी सरकवायची. किती वेळ गेला कोण जाणे, एकानं मान बाहेर काढली. मग दुसऱ्यानं. मला रडू आलं. मी ओवासुद्धा टाकला निखाऱ्यावर. कासवांना ओव्याची धुरी! कुणी पाहिलं असतं तर मला वेड्यांच्या दवाखान्यात नेऊन सोडलं असतं.

सकाळी म्हातारी पुन्हा दारात. हातात नवे निखारे. घरात सोयर म्हणून ती उंबऱ्याच्या आत आली नाही, आणि त्या सोयरानं मला वाचवलं. आळीतल्या बायका आल्या त्याही बाहेरूनच विचारून गेल्या. कुणी डिंक ठेवला, कुणी खोबऱ्याची वाटी. म्हातारीनं एक झबलं ठेवलं. जुन्या मऊ लुगड्याचं, तिनं स्वतः शिवलेलं. "नातवासाठी शिवलं हुतं," म्हणाली. "सून माहेरीच ऱ्हायली. पडून हाय तसंच." मी ते घेतलं. तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "छान बसेल तिला."

संध्याकाळी दिवे आले आणि पाठोपाठ हे आले, तेलानं काळे झालेले, झोपेनं पेंगुळलेले. म्हातारीनं त्यांना रस्त्यातच गाठलं.

"आवं, मामा झालासा की! भाची आली घरात!"

हे आईबापांना एकुलते एक. सख्खी सोडा, चुलत बहीणही नव्हती. त्यांनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं. माझं तोंड बघून त्यांना काय कळलं ते त्यांनाच ठाऊक.

"व्हय आजी," ते म्हणाले आणि आत आले.

आधी खोक्यात डोकावून दोघांच्या पाठीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं. ओरडले असते तर मी उलट ओरडले असते, तेवढी जीभ मला होती. पण ते झबलं हातात घेऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "पोरगी सांगितलीस होय?"

त्या प्रश्नानं मी मेल्याहून मेले.

सकाळी डिंक, खोबरं ज्याचं त्याला परत केलं. नणंद गावी गेली, सोयर गावीच पाळणार, असं हे आळीत सांगून आले होते. म्हातारीला मात्र मला खरं सांगायचं होतं. सांगितलं. ती हातातलं शेण तसंच धरून ऐकत राहिली.

"म्हंजी कासवाला दिला मी तिन्हीसांजंचा इस्तू?"

मान वर करायची माझी हिंमत झाली नाही. झबलं पुढं केलं. तिनं हात मागं घेतला.

"बाळाच्या नावानं दिल्यालं परत घरात घेत न्हाईत." मग माझ्या अंगावरून नजर फिरवत, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. लागंल तुला."

आवाजात राग उरला नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मला मूल किती हवंय ते तिला कळलं होतं, आणि तिला माझी कीव आली होती. पाणी भरायला निघालेल्या बायका रस्त्यात ऐकत उभ्या होत्या. झबलं पदराआड घालून खाली मान घालून घरी यायला हवं होतं मी. खोटं बोललेल्या बाईनं तेच करायचं असतं.

मी ते हातात धरून आले. उलगडून, सगळ्यांना नीट दिसेल असं.