मोहिनी सिस्टरांची साक्ष

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत कुणाचं तान्हं दूध ओढेनासं झालं, कुणाचं बीपी वाढलं, की लोक आधी मोहिनी सिस्टरांचं दार वाजवत. उभा जन्म त्यांनी रेल्वे इस्पितळाच्या वॉर्डात नर्स म्हणून काढला होता. नवरा लवकर गेला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत एकुलता एक मुलगा किरणही गेला, आणि त्या पाठोपाठ त्या निवृत्त झाल्या. तेव्हापासून त्या दर रविवारी चर्चला जात, शेवटच्या बाकावर बसत, गीताला सगळ्यांबरोबर उभ्या राहत. पण ओठ हलत नसत. ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. शेवटच्या बाकाकडे वळून बघतं कोण?

या हिवाळ्यात चर्चच्या मंडळीनं ठरवलं, चोपड्याच्या पलीकडे सातपुड्याच्या जंगलात मिशनचा एक लहानसा दवाखाना आहे, तिथे आठवडाभर सेवेला जायचं. तिथला डॉक्टर एकटा, हाताखाली माणसं कमी. पाळक प्रेमराज स्वतः मोहिनीबाईंच्या घरी आले.

"सिस्टर, तुम्ही नसलात तर आमची नुसती सहल होईल. चला आमच्याबरोबर."

मोहिनीबाई हो म्हणाल्या. का म्हणाल्या, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. त्या डोंगरात त्यांना 'बिचारी किरणची आई' म्हणणारं कुणी नव्हतं, एवढंच कदाचित.

मग तयारी सुरू झाली. संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये सतरंजीवर सगळे जमत. बायका जुनी लुगडी कापून बाळांसाठी दुपटी शिवत. खरजेचं मलम, जुलाबावरची पावडर, मच्छरदाण्या यांची खोकी बांधली जात. मोहिनीबाई पोरीबाळींना बीपी बघायला शिकवत, बाळाचे श्वास पोटाकडे बघून कसे मोजायचे ते दाखवत. हात सवयीनं चालत होते. कधी कधी तासभर किरणची आठवणच होत नसे, आणि मग ते लक्षात आलं की त्या हातातलं काम खाली ठेवत.

तुकडीचे पुढारी अभिमनभाऊ. सालस माणूस, रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर. दुसऱ्या लाटेत ते मरणाच्या दारातून परत आले होते, आणि ती साक्ष ते सणावाराला, प्रार्थनासभेत, लग्नाच्या मांडवातसुद्धा देत. एका संध्याकाळी ते म्हणाले, "तिथे पेशंटसमोर प्रत्येकानं आपापली साक्ष द्यायची आहे. प्रभूनं आपल्यासाठी काय केलं, ते साध्या शब्दांत. मी सुरुवात करतो."

त्यांनी डोळे मिटले. "त्या दुपारी माझा श्वास संपत आला होता. सगळी मंडळी प्रार्थना करत होती. आणि मला स्पष्ट जाणवलं, कुणीतरी माझ्या तोंडाशी हात धरलाय. तो प्रभूचा हात होता. म्हणून मी आज तुमच्यासमोर आहे."

"आमेन," सगळे म्हणाले. एकेक जण बोलत गेला. शेवटी पाळक म्हणाले, "आता सिस्टर."

मोहिनीबाईंनी हातातलं दुपटं खाली ठेवलं. त्या बसल्या जागेवरून उठल्या नाहीत.

"मला साक्ष नाही," त्या म्हणाल्या.

"असं कसं, सिस्टर? काहीतरी असेलच की."

"बरं. मग ऐका. अभिमनभाऊ, त्या दुपारी वॉर्डात माझी ड्यूटी होती. तुम्ही तडफडत होतात, मास्क ओढून काढत होतात. तो मास्क मी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. पलीकडच्या खाटेवर किरण होता. ऑक्सिजन होता, डॉक्टर होते, कशाचीच कमी नव्हती. मंडळीनं त्याच्यासाठीही प्रार्थना केली होती. मी तुमचा मास्क सोडून मागे वळले, तेव्हा तो गेलेला होता. त्यानंतर माझ्यानं प्रार्थना झालेली नाही. झाली माझी साक्ष."

अभिमनभाऊंचा चेहरा राखेसारखा झाला. एक पोरगी रडायला लागली, तिला बाहेर नेलं.

दोन दिवसांनी पाळक घरी आले. चहाचा कप हातात तसाच धरून बसले. शेवटी म्हणाले, "सिस्टर, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं पडलं की या खेपेला तुम्ही विश्रांती घ्यावी. कोवळी पोरं आहेत बरोबर. त्यांचा विश्वास डळमळेल."

"तिथे बाळंतिणी असतील. तुमच्यातल्या कुणाला नाळ कापता येते?"

पाळकांनी मान खाली घातली. "मला कळतंय हो."

"माझा विश्वास डळमळला, तेव्हा कोणत्या वडीलधाऱ्यांची बैठक बसली होती?"

पाळकांनी भरलेला कप तसाच खाली ठेवला. जाताना चपला घालायला त्यांना फार वेळ लागला.

तुकडी निघाली त्या सकाळी मोहिनीबाई घरातच होत्या. रस्त्यावरून त्यांची क्रुझर गाडी गेली, गीताचे सूर ऐकू आले, विरले. थोड्या वेळानं दारात सुगंधाबाई उभ्या राहिल्या. चर्चची झाडलोट करणारी ही म्हातारी मूळची भडगावकडची, कुणाशी फारशी न बोलणारी.

"अभिमनभाऊ बी गया नही," पायरीवर बसत ती म्हणाली. "निघाना येळले साक्ष द्याले उभा राहिना. पन तोंडमाईन शब्दच निंघना नही. तसाच घर चालना गया."

मोहिनीबाईंना वाटलं होतं, हे कधी ऐकलं तर छातीवरचा दगड हलेल. हलला नाही. उलट त्यांना दिसलं, त्या माणसाजवळ आयुष्याला धरून राहायला एकच गोष्ट होती, आणि ती आपण काढून घेतली. मास्क धरला त्याच हातांनी. किरण काही त्यामुळे परत आला नव्हता.

"मी बोलायला नको होतं, अक्का."

"तू बोलनी ते खरं शे." म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. "मना बी आंडोर गया. गिरना नदीमा बुडना. तवापासून मी बी देवसंगे बोलनी नही. बठ्ठा आमेन म्हनतस, मी बी म्हनस."

इतक्या वर्षांत या बाईला मुलगा होता का, हेसुद्धा मोहिनीबाईंनी विचारलं नव्हतं.

"मग चर्चला येता कशाला?"

"मंग कोठे जाऊ, माय?"

मोहिनीबाई तिच्याशेजारी पायरीवर टेकल्या. सातपुड्याकडे गेलेल्या गाडीत नर्स नव्हती, आणि इथे पायरीवर दोघी जणी होत्या, ज्यांना एकमेकींना देण्यासारखं काही नव्हतं. ऊन चढलं. सुगंधाबाई उठायचं नाव घेईना, आणि मोहिनीबाईही तिला जा म्हणाल्या नाहीत.