रोज नवी आवळी

कार्तिकात आमच्याकडे आवळीभोजन असतं. आवळीच्या झाडाची पूजा करायची आणि तिच्याच सावलीत बसून जेवायचं. सगळं नाशिक हे एक दिवस करतं. आमच्या सासूबाईंनी मात्र एका वर्षी नवमीपासून पौर्णिमेपर्यंत रोज करायला लावलं, आणि तेही रोज नव्या आवळीखाली! पस्तीस-छत्तीस साल असेल. येवल्याहून लग्न होऊन मी आले त्याला जेमतेम वर्ष झालं होतं.

कारण सांगते. माझ्या नणंदबाई, मी त्यांना वन्सं म्हणायची, बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. बाळ महिन्याभरातच गेलं. तेव्हापासून वन्सं माजघरात भिंतीला टेकून बसायच्या त्या बसूनच. ताट पुढे ठेवलं तर नुसतं चिवडायच्या, हाक मारली तर मान हलवायच्या. दिवाळीनंतर न्यायला येतो, असा सासरहून निरोप आला होता. एकदा चुलीपाशी सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "अशीच पाठवली तर पोर तिथे जगायची नाही गं."

पण बागेत हिंडायला चल, असं बाईमाणसाला म्हणायची तेव्हा रीत नव्हती. देवाधर्माचं निमित्त लागायचं. मग सासूबाईंनी एके संध्याकाळी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की औंदा आवळीचं मोठं व्रत करायचं.

मामंजींनी चष्मा कपाळावर चढवला. "रोज वेगळी आवळी? हे कुठल्या पोथीत आहे?"

"पोथ्या तुम्ही वाचा. बायकांचं सगळं तोंडी असतं. आणि बरोबर माहेरवाशीण नसेल तर फळ नाही मिळत."

आईच्या व्रताला नाही कसं म्हणणार? वन्सं उठल्या. निघालो आम्ही तिघी टांग्यात, मांडीवर दशम्यांचा डबा आणि दह्याचं लोटकं घेऊन.

पहिल्या दिवशी गंगापूरच्या वाटेवर एका ओळखीच्या मळ्यात गेलो. गुलाबाचे ताटवेच्या ताटवे! मी येवल्याची, मागाच्या खटखटीत वाढलेली. मला तर कुठे बघू नि कुठे नको असं झालं. वन्संची नजर आपली पायांच्या अंगठ्यावर. दुसऱ्या दिवशी पेरूची बाग होती. पोपट नुसते कलकलाट करत होते. एकादशीला तपोवनात गेलो. उपास, म्हणून आवळीखाली बसून साबुदाण्याची खिचडी! त्यानंतर दोन दिवस गंगेकाठचे दोन मळे झाले. रोज घरी आलं की सासूबाई डबा उघडून बघायच्या. वन्संच्या वाटणीच्या दशम्या तशाच असायच्या. सासूबाई पुन्हा झाकण लावून टाकायच्या.

तेवढ्यात माहितीच्या आवळ्याही संपल्या.

"आता पांडवलेण्यांना जाऊ," सासूबाई म्हणाल्या.

"तिथे आवळी आहे?" मामंजी.

"डोंगर म्हटला की आवळी असायचीच."

टांगा पायथ्याशी सोडून चढायला लागलो. सासूबाईंचे गुडघे आधीच दुखरे, दर चार पावलांना "हर हर" चाललेलं. बाजूला बघावं तर सीताफळीची झुडपं, निवडुंग, एक वेडावाकडा लिंब. आवळी कुठे दिसेना. वर पोचलो. खांबांवरचे हत्ती, बैल बघत बघत एका लेण्यापुढे आलो. तिथे ओट्याखाली मोठमोठी दगडी माणसं कोरलेली आहेत. कमरेपर्यंत जमिनीत गेलेली आणि खांद्यावर अख्ख्या लेण्याची तुळई. वन्सं त्यांच्यापुढे थांबल्या ते थांबल्याच. मग आपणहून म्हणाल्या,

"ह्यांच्या माना किती दुखत असतील, नाही?"

इतक्या दिवसांत त्यांनी आपणहून काढलेला तो पहिला शब्द. सासूबाईंनी तोंड फिरवलं, पदर डोळ्यांना लावला आणि दुसऱ्या क्षणाला खेकसल्या, "त्यांच्या दुखोत नाहीतर मोडोत. दगडाची आहेत ती. तू आधी चार घास खा बघू!"

टाक्याचं गार पाणी घेऊन सावलीला बसलो. पण आवळी? सासूबाईंनी कनवटीचा एक आवळा काढला, दगडावर ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले.

वन्सं बघत होत्या. "आई, असं चालतं?"

"चालतं."

"कोणी सांगितलं?"

"माझ्या आजेसासूंनी."

"त्या तर तुझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या ना गं?"

सासूबाईंनी आवळ्याला पुन्हा एकदा हळदकुंकू वाहिलं. मी पदर तोंडात कोंबला. वन्संनी आईकडे पाहिलं, त्या आवळ्याकडे पाहिलं आणि हसल्या. हसता हसता रडल्या, आणि मग पोटभर रडल्या. बाळ गेल्यापासून रडल्याच नव्हत्या त्या. सासूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत नुसत्या बसून राहिल्या. मी दशमीवर लोणचं वाढलं. वन्संनी ती खाल्ली. मग आणखी एक मागितली.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी डबा उघडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. सासूबाईंचे गुडघे असे सुजले, की त्यांना पाट सोडवेना. "झालं, पुरे झालं व्रत," म्हणाल्या.

वन्सं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, वेणीफणी करून. "वा! पौर्णिमेपर्यंत आहे म्हणालीस ना? मोडलं तर फळ नाही मिळायचं." आणि माझ्याकडे वळून, "चला वहिनी, दशम्या मी लाटते. ह्या म्हातारीला आपण दोघी धरून नेऊ."