खानदानी दुखणं

"बाहेर जाता काय?" अकोल्याच्या डॉक्टरनं विचारलं.

मी म्हटलं, "जातो ना जी. महिन्यातून एकदोनदा तरी अचलपूरले जातो, काकाजीकडे."

डॉक्टरनं कंपाउंडरकडे पाहिलं. कंपाउंडर हसला. पडद्यापलीकडे बाकावर बसलेले पेशंटही हसले, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. 'बाहेर' म्हणजे बाजारातल्या बाईकडे. थू असल्या विचारण्यावर!

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. जठारपेठेत माझं टेलरिंगचं दुकान होतं, दिवसभर मशीनवर बसायचं काम. तिशी ओलांडली आणि लघवीच्या जागेमागे, दोन मांड्यांच्या मधोमध ठणका सुरू झाला. बसलं की विस्तव. लघवीला जावं तर धार अडकायची. बायकोजवळ जावं तर दुसरा दिवस लोळून काढायचा. पाय दुखला तर माणूस लंगडतो, चार लोक विचारपूस करतात. इथं दुखलं की माणूस गप बसतो, आणि नेमकं बसताच येत नाही. ज्याला असं होत असेल त्याच्यासाठीच मी हे लिहून राहिलो. बाकीच्यांना किळस आली तर त्यांनी खुशाल पान उलटावं.

डॉक्टरनं चिठ्ठीवर 'कान टेस्ट' लिहून दिली. ही रक्ताची तपासणी, गरमी म्हणजे बाजारातल्या बाईकडून लागणारा रोग आहे की नाही ते पाहायची. मला काय माहीत! घरी येऊन वाचलं तसं सांगितलं. आई म्हणाली, "काय बाई हा डॉक्टर! दुखते खाली अन् तपासते कान!" माझी बायको शेवंता पदर तोंडाला लावून हसली.

चार दिवसांनी नळावर कंपाउंडरच्या बायकोनं तिला त्या कानाचा अर्थ सांगितला. शेवंतानं घरी येऊन दोन्ही पोरांचे कपडे बांधले. मी समजावायला पुढं झालो तर म्हणाली, "मले हात नोका लावू." आणि चांदूर रेल्वेला माहेरी निघून गेली.

रिपोर्ट चांगला आला. तरी डॉक्टर म्हणतो, "कधी कधी सापडत नाही." लागली पेनिसिलिनची इंजेक्शनं. ढुंगणाची चाळणी झाली, ठणका होता तिथंच. त्या दवाखान्यातल्या भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या, कोपऱ्यात लघवीच्या उघड्या बाटल्या, त्यावर माश्या. पण खरी शिसारी यायची ती माझं नाव पुकारताना कंपाउंडर डोळा मारायचा त्याची. मी काही न करता घाण ठरलो होतो.

शेवटी अमरावतीला गेलो. तिथल्या वयस्कर डॉक्टरांनी हातमोजा चढवला आणि मागच्या वाटेनं बोट घालून तपासलं. लाज, वेदना, किळस, सगळं एकदम. पण त्या माणसानं तोंड वाकडं केलं नाही. म्हणाले, "क्रॉनिक प्रोस्टेटायटिस. प्रोस्टेट म्हणजे लघवीच्या पिशवीखाली असलेली ग्रंथी, सुपारीपेक्षा जराशी मोठी. तिला जुनाट सूज आहे. गरमीचा काही संबंध नाही."

मग हात धुता धुता विचारलं, "तुमच्या वडिलांना होता का असा त्रास? काकांना?"

"कावून जी?"

"हेरेडिटरी असू शकतं. म्हणजे रक्तातूनच आलेलं. पुस्तकात सापडणार नाही, पण मी बापलेकांना हेच दुखताना पाहिलंय. छातीठोक सांगत नाही. घरात विचारून पाहा."

त्यांनी गरम पाण्याच्या घंगाळात बसायला सांगितलं. त्यानं उतार पडला. ठणका मात्र गेला नाही, आजही नाही.

वडील वारले होते. आठवू गेलो तर उभेच आठवले. उभ्यानं चहा, उभ्यानं गप्पा. त्यांच्या पायाला भिंगरी आहे म्हणून आम्ही हसायचो. मी तडक एस.टी. पकडून अचलपूर गाठलं.

काकाजी म्हणजे तिथलं मोठं प्रस्थ. गादीवर तक्क्याला टेकून बसले होते. पानाचा डबा घ्यायला उठले, तर खाली चुंबळ! बायका डोक्यावर घागरीखाली ठेवतात ती कापडाची चुंबळ, मधे भोक असलेली.

मी विचारलं. म्हणाले, "मुळव्याध हाय मले."

आतून काकू कडाडली, "कायची मुळव्याध! येक थेंब रगत नाही पडलं कधी. सासऱ्यालेही असंच होतं. सासूबाईनं जनमभर चुंबळाच वळल्या!"

मला तर रडूच आलं. म्हणजे मी घाण नव्हतो! म्हटलं, "काकाजी, चला माह्यासंगं चांदूरले. माह्या सासऱ्याले येवढंच सांगा, का हे आपल्या रक्तातच हाय."

काकाजींनी उठून दार लोटलं. "याडा झाला काय? माह्या वसंताचं लग्न जमून राहिलं. खानदानातच रोग हाय म्हटलं तं कोण पोरगी देईन? तू सांग, बाहेर गेलतो म्हणून. बाईचा नाद लोकं इसरते. खानदानी रोग नाही इसरत. येकट्याचं नाव जाईन, घराचं राहीन."

एवढं बोलून त्यांनी चुंबळ नीट केली आणि वर बसले. हा माझ्या बापाचा सख्खा भाऊ! "वसंता तुमच्या पोटचा पोरगा, त्याले तरी सांगान का नाही?" मी विचारलं.

"त्याले काय सांगाचं? दुखन तवा समजन."

काकूनं आणलेला चहा तसाच ठेवून मी निघालो.

चांदूरला सासऱ्यांनी दारातच उभं केलं. मला उभं राहणंच बरं होतं. सगळं सांगितलं, आजा, बाप, काका, चुंबळ, काकाजी काय बोलले तेसुद्धा. सासऱ्यांनी मान खाली घातली आणि शेवंताला हाक मारली. ती दाराआडच होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"म्हंजे हे बापापासून पोराले जाते?"

"जाऊ शकते म्हणते डॉक्टर. नक्की कोणालेच माईत नाही."

अंगणात आमची दोन्ही पोरं मातीत खेळत होती. त्यांच्याकडे पाहत ती म्हणाली, "त्यापक्षा तुमी बाहेर गेले असते तं बरं झालं असतं जी."

तिनं विश्वास ठेवावा म्हणून मी किती तळमळलो होतो! तिनं ठेवला, तो हा असा. मला राग आला नाही. तिच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो.

त्याच दिवशी ती माझ्यासोबत निघाली. बडनेऱ्यानंतर गाडीत जागा झाली. पोरांना बसवलं आणि मी दारापाशी उभा राहिलो. थोड्या वेळानं शेवंता उठून माझ्याजवळ आली.

"कसं दुखते ते सांगा बरं नीट. उद्या पोरानं सांगतलं तं मले समजलं पाह्यजे."

कुठं जाता, घरात कोणाकोणाला होतं, किती दिवस झाले, सगळ्यांनी सगळं विचारलं होतं. कसं दुखतं, हे कोणीच विचारलं नव्हतं. मी सांगायला लागलो. मूर्तिजापूर मागं पडलं तरी माझं सांगणं संपलं नव्हतं, आणि ती ऐकत होती.