दिल्लीकाकूंची घडीची खुर्ची

महिला दिनाच्या कार्यक्रमाला मी स्टेजवर पाच खुर्च्या मांडल्या आणि पाचही खुर्च्यांवर पुरुष बसवले. विषय होता ‘महिलांचा सहभाग’. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून पाचव्या खुर्चीवर मी स्वतः होतो. बायकांना समोर बसवून प्रत्येकीला गुलाब दिलेला, त्यामुळे यात कुणाला काही खटकेल असं माझ्या मनातही आलं नाही.

अध्यक्षांचं भाषण रंगात आलं असताना बी विंगच्या दिल्लीकाकू उठल्या. काखेत त्यांची नेहमीची घडीची खुर्ची होती. शांतपणे पायऱ्या चढून त्या वर आल्या, अध्यक्षांच्या आणि माझ्या मधोमध ती खटकन उघडली आणि पदर सारखा करून बसल्या. मी कुजबुजलो, “काकू, काही हवंय का?”

“काही नको. तुमचं चालू द्या. मी सहभाग घेतेय.”

ही खुर्ची त्या बँकेत न्यायच्या, दवाखान्यात न्यायच्या, नवरात्रात टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनालाही न्यायच्या. गुडघ्यांचा त्रास असावा असं समजून मी एकदा चांगल्या हाडांच्या डॉक्टरचं नाव सुचवलं. त्या म्हणाल्या, “गुडघे ठणठणीत आहेत. पण बाई आली की जागा नाही म्हणून सांगायला लोकांना फार आवडतं. म्हटलं, त्यांचा तेवढा त्रास वाचवावा.”

मूळच्या त्या नौपाड्याच्या. नोकरीची सगळी वर्षं मात्र दिल्लीत, केंद्र सरकारच्या एका कचेरीत गेली. बायकांच्या समानतेसाठी देश जगासमोर जे जे कबूल करतो, त्याचे मसुदे करायचे आणि पुढे त्यातलं किती झालं याचे अहवाल लिहायचे, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन घोडबंदर रोडला आमच्या कॉम्प्लेक्समध्ये फ्लॅट घेतला, आणि आमची शांतता संपली. कारण कामावरून त्या निवृत्त झालेल्या. त्या मसुद्यांतून झाल्या नव्हत्या.

“देशाने कबूल केलंय,” हे त्यांचं पालुपद. लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, कुठेही. मी चेष्टा करायचो, “काकू, ते सरकारने कबूल केलंय. आमच्या सोसायटीने नाही.”

“लग्नाच्या बैठकीत वडीलधाऱ्यांनी चारचौघांत शब्द दिला, तर मांडवात पोरगा म्हणतो का, की तो माझ्या बापाने दिलेला? सही दिल्लीत होते रे. पाळायचं घोडबंदरलाच असतं.”

सरकारला नावं ठेवणाऱ्यांतल्या मात्र त्या नव्हत्या. आपल्या देशाच्या मुली वर्दी घालून परक्या देशात शांतता राखायला गेल्या, तेव्हा यांनी कचेरीत पेढे वाटले होते. “बाहेर आपण चांगलंच बोलतो. मला माहितीये, ती वाक्यं माझ्या टेबलावरून गेलीत. टाळ्या पडतात, साहेबलोक विमानात बसतात. ते वाक्य बिचारं तिकडेच राहतं. त्याला घरी आणायला कुणीतरी जायला हवं ना?”

आमच्या गेटपाशी ते वाक्य आलं सुनंदामुळे. सुनंदा मानपाड्याच्या चाळीतून यायची, आमच्या आणि काकूंच्या घरासकट बऱ्याच घरी कामं करायची. एका कडक उन्हाळ्यात काकूंनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला. तिने तो घेतला नाही.

“डॉक्टर पण हेच सांगतो, पाणी पी. लघवीला जळजळतं ना सारखं,” ती म्हणाली. “पण काकू, पिऊन जाऊ कुठे?”

आमच्या फ्लॅटमध्ये दोन संडास आहेत. सुनंदा दोन्ही घासायची. तू वापर, असं आम्ही कधी म्हटलं नव्हतं. तिने विचारलं नव्हतं. सोसायटीत वॉचमनसाठी एक होता. बायकांसाठी म्हणून ऑफिसशेजारी बिल्डरने एक बांधलेला, पण त्यात आम्ही गणपतीची मखरं आणि स्पीकर भरून ठेवलेले. चावी माझ्याकडे.

काकू चावी मागायला आल्या. मी म्हटलं, विषय गंभीर आहे, अभ्यास समिती नेमू. नेमली. मेंबर तेच, स्टेजवरचे पाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कामवाल्या बायका गेटमधून आत येतात त्या वेळी, काकूंनी त्या कुलपासमोर खुर्ची उघडली आणि पेपर वाचत बसल्या. तिसऱ्या दिवशीही. मग रोजच. घोषणा नाही, फलक नाही. ऑफिसला निघालेली माणसं लिफ्टमधून बाहेर पडली की विचारायची, “काकू, इथे कशा?”

“सेक्रेटरींच्या चावीची वाट बघतेय.”

घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकायला निघालेल्या माणसालासुद्धा यावर दोन मिनिटं थांबावं लागायचं. एक दिवस अध्यक्ष चिडले. “काकू, आज यांना उघडून दिलं की उद्या बाहेरची माणसं वापरायला लागतील.”

काकूंनी पेपर खाली घेतला. “बाहेरची? तुमच्या नातवाला रोज आंघोळ कोण घालतं?”

अध्यक्ष पार्किंगकडे निघून गेले. जाता जाता मला म्हणाले, “दे बाबा ती चावी.”

आता आपण काही कमी नाही हे दाखवायचा मला चेव आला. मखरं हलवली, रंग दिला, दारावर छान अक्षरांत ‘महिलांसाठी’ अशी पाटी लावली. रीतसर फीत लावून अध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन केलं. एका पुरुषाच्या हातून बायकांच्या संडासाचं उद्घाटन होतंय, हे फोटो काढताना लक्षात आलं. पण तोवर टाळ्या पडलेल्या. पहिला मान सुनंदाचा. ती आत गेली आणि लगेच बाहेर आली.

“दादा, कडी बाहेरून आहे.”

खोली सामान ठेवायला वापरायची म्हणून आम्ही आतली कडी काढून बाहेर बसवलेली. रंग, पाटी, फीत सगळं मला सुचलं, हे एवढं सोडून. काकू पुढे आल्या. खुर्ची दाराला पाठ टेकवून मांडली आणि बसल्या. “जा गं सुनंदा. मी आहे.” सुतार येईपर्यंत एकेक बाई आत जाऊन येत होती आणि काकू हलल्या नाहीत. मी चहा पाठवला, तोही त्यांनी बसल्या जागीच घेतला.

नंतर त्यांची तब्येत ढासळली आणि डोंबिवलीची भाची त्यांना घेऊन गेली. मी भेटायला गेलेलो. आवाज खोल गेलेला, पण चौकशी तीच. “कडी आतून आहे ना अजून?” मी म्हटलं, आहे. “बघत जा. कड्या परत बाहेर जातात रे. लक्ष नसलं की जातात.” ती आमची शेवटची भेट. त्या गेल्यावर भाचीने खुर्ची माझ्या हवाली केली. म्हणाली, तुमच्याकडेच तिचं काम आहे.

यंदाच्या महिला दिनाला मी कुठेच चुकायचं नाही असं ठरवलेलं. स्टेजवर एकही पुरुष नाही. बोलायला सुनंदाला बोलावलं. कामवाल्या बायकांची आता संघटना आहे, ती तिची पुढारी. आणि मधोमध काकूंची खुर्ची मांडून तिला मी झेंडूचा हार घातला. पाहून माझेच डोळे भरून आले.

सुनंदा वर आली. खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हार काढून माझ्या हातात दिला आणि खुर्चीवर बसली.

“दादा,” ती माइकवरच म्हणाली, “बाईला जागा द्यायची नसली की तुम्ही लोक हार घालता.”