लोरेतोने गाळलेली वाक्यं

फ्रँकफर्टमध्ये दक्षिण अमेरिकेबद्दल ठाम मत नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. आमच्याच घरी बघा. माझा नवरा श्रीरंग बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि त्याचा मित्र शिरीष एका औषध कंपनीत आहे. दोघं बीअर घेऊन बसले की गाडी हटकून तिकडे वळते. श्रीरंगच्या मते समाजवाद आला की देश भिकेला लागतोच, मग अमेरिकेने वरून चार फटके दिले तर बिघडलं कुठे. शिरीषच्या मते सगळं अमेरिकेनेच केलंय, निर्बंध उठवा, उद्या तिथे सोन्याचा धूर निघेल. दोघांपैकी एकानेही त्या खंडावर पाऊल ठेवलेलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर लोरेतो राहते, तिला विचारावं असं मात्र दोघांच्या मनात कधी आलं नाही.

लोरेतो मूळची चिलीची. आईबापांच्या कडेवरून इथे आली, आता पन्नाशी ओलांडली. ती शपथ घेतलेली दुभाषी आहे, स्पॅनिशची. कचेऱ्या, इस्पितळं आणि जर्मनीत आसरा मागायला आलेल्यांच्या सुनावण्या, असं तिचं काम. सोबत तिचे वडील, ऐंशी उलटलेले ओस्वाल्दो. मी त्यांना काका म्हणते आणि ते त्यांना आवडतं.

१९७३ साली चिलीत लष्कराने लोकांनी निवडून दिलेलं समाजवादी सरकार उलथवलं, आणि त्याला अमेरिकेचा आशीर्वाद होता. ओस्वाल्दोकाका तेव्हा रेल्वे कामगारांच्या युनियनमध्ये होते. मारहाणीत त्यांचा उजवा कान कायमचा गेला आणि बरोबरचे मित्र तर परतलेच नाहीत. जर्मनीने त्यांना आसरा दिला. निवृत्त होईपर्यंत ते ट्रामच्या डेपोत फिटर होते. अशा माणसाला अमेरिकेचा राग नसेल तर कुणाला असेल?

पण लोरेतोसमोर सुनावणीला येऊन बसत ते व्हेनेझुएलाचे, क्युबाचे, निकाराग्वाचे लोक. समाजवादाचं नाव घेणाऱ्या सरकारांपासून पळालेले. ते काय सांगत हे तिने मला कधी सांगितलं नाही, तिची तशी शपथच आहे. संध्याकाळी जिना चढताना तिचा चेहरा तेवढा दिसायचा. वर गेली की वडील बातम्या लावून बसलेले असत आणि हा सगळा कसा अमेरिकेचा कांगावा आहे ते तिला समजावत.

एकदाच तिने जेवताना म्हटलं होतं की पापा, ही माणसं खोटं बोलत नाहीत. काकांनी चमचा खाली ठेवला आणि टेबलावर येणंच सोडलं. आठवडाभर आपल्या खोलीत ब्रेड आणि चहा. मधुमेही माणूस, शेवटी चक्कर येऊन पडले. आई गेलेली, लग्न मोडलेलं, लोरेतोला त्यांच्याशिवाय होतं कोण? तिने तो विषय कायमचा मिटवून टाकला.

गेल्या शरदात इथल्या एका ब्युर्गरहाउसच्या, म्हणजे वस्तीच्या समाजमंदिराच्या, सभागृहात कार्यक्रम झाला. लॅटिन अमेरिकेतून हात काढा, निर्बंध मागे घ्या, असा त्याचा विषय. प्रमुख पाहुणे ओस्वाल्दोकाका, दुभाषी लोरेतो. लोकांचे जर्मन प्रश्न काकांच्या चालत्या डाव्या कानात पुन्हा सांगायला त्यांच्या डाव्या बाजूला कुणीतरी हवं होतं, म्हणून पहिल्या रांगेत मी.

काका छान बोलले, जर्मनमध्येच. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग एक क्युबन स्वयंपाकी उठला. तो स्पॅनिशमध्ये बोलला आणि लोरेतो जर्मनमध्ये सांगत गेली. ती 'हा माणूस म्हणतो' असं कधीच म्हणत नाही. समोरचा 'मी' म्हणाला की तिनेही 'मी' म्हणायचं, हा तिच्या कामाचा नियमच आहे. "मी माझ्या सरकारमुळे देश सोडला," ती म्हणाली. सभागृह चिडीचूप. "आणि माझी आई अमेरिकेच्या निर्बंधांमुळे औषधाच्या रांगेत उभी आहे." टाळ्यांचा कडकडाट. म्हणजे माणसाचं अर्धं वाक्य हवं, अर्धं नको. माझं डोकं तिथेच फिरायला लागलं होतं.

मग मागून एक मुलगी उठली. युस्मारी तिचं नाव, व्हेनेझुएलाची. वृद्धाश्रमात नर्सिंग शिकत होती, जर्मन अजून कच्चं. ती काकांकडे बघून बोलली, भरभर. माझ्या शेजारी काका ताठ झाले. सूत्रसंचालक होल्गरने घड्याळ दाखवलं आणि लोरेतोला म्हणाला की थोडक्यात सांगा, इथे प्रश्न विचारायचे आहेत, भाषणं नाही करायची. शेवटी गाणाऱ्या गिटारवाल्यांसाठी अर्धा तास राखून ठेवलेला माणूस हा!

लोरेतोने वडिलांकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "त्या म्हणतात की त्यांच्या देशातही बऱ्याच अडचणी आहेत, आणि त्यांचा भाऊ वारला."

त्या म्हणतात! मला स्पॅनिशचा एक शब्द येत नाही, तरी तिने 'मी' सोडला हे माझ्या लक्षात आलं. काही गाळलं गेलं हे मुलीला समजलं नाही आणि सभागृहालाही नाही. होल्गर सहानुभूतीने मान हलवून पुढच्या हाताकडे वळलासुद्धा.

काका उठले. मला वाटलं, निघाले. त्यांनी जाऊन होल्गरच्या हातातला माईक घेतला.

"माझ्या मुलीने वाक्यं गाळली," ते जर्मनमध्ये म्हणाले. "माझ्यासाठी गाळली. मी सांगतो." आणि त्या मुलीकडे हात करून, तिच्याच 'मी'मध्ये, त्यांनी सांगितलं. "माझ्या भावाला सरकारच्या माणसांनी घरातून नेलं आणि बंद शवपेटीत परत दिलं. पेटी उघडायची नाही असं माझ्या आईला बजावलं. तुमचा छळ झाला तेव्हा या देशाने तुमच्यावर विश्वास ठेवला. आता तुम्ही आपल्या जखमा दाखवून आमच्या झाकता. त्या सरकारवर बाहेरून दबाव आला तर मला हवाच आहे, कारण आतले सगळे मेले किंवा पळाले."

कुणीतरी मागून म्हणालं, ही उजव्यांची भाषा आहे. ऐंशी उलटलेल्या माणसाच्या तोंडून, ज्याचा कान उजव्यांनी फोडला त्याच्या तोंडून! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. मारणारा आपल्या रंगाचा असला की मेलेला माणूससुद्धा या लोकांना विरोधकांचा वाटतो. मला उठून त्या माणसाचं थोबाड रंगवावंसं वाटलं. लाजेकाजेस्तव बसून राहिले.

काकांनी मग स्पॅनिशमध्ये सुरुवात केली, आणि लोरेतोकडे बोट केलं. आता तू सांग. तिने माईक धरला. या खेपेला तिने वाक्यं गाळली नाहीत.

"मला हे माहीत होतं. मी गप्प राहिलो, कारण मी बोललो असतो तर ज्यांनी माझ्या मित्रांना मारलं त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. एवढ्यासाठी मी या मुलीच्या भावाला एकटं सोडलं." ती थांबली. काका थांबले नव्हते, तिला पुढे जावंच लागलं. "निर्बंध मला आजही मान्य नाहीत. औषध अडवून सेनापती मरत नाही, म्हातारी मरते. पण ते मी या मुलीला तोंडावर सांगेन, तिच्या भावाला खोटा पाडून नाही."

युस्मारीने उत्तर दिलं, आणि लोरेतोने तेही सांगितलं. "तुमचं म्हणणं मला पटत नाही. पण तुम्ही माझं बोलणं पूर्ण सांगितलंत."

यानंतर होल्गरने सगळ्यांचे आभार मानले आणि गिटारवाल्यांना बोलावलं. खरंच बोलावलं. लोक खुर्च्या सरकवून वाईनकडे गेले. युस्मारीशी जाऊन एक शब्द बोलावा असं तिथल्या एकाही निर्बंधविरोधकाला वाटलं नाही. काका आणि ती मात्र कोट घालताना भांडत होते, दाराशी भांडत होते, आणि स्टेशनवर तिची गाडी येईपर्यंत त्यांचं चालूच होतं. कुणी कुणाला पटवलं नाही.

आमच्या उ-बानमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, आम्ही तिघं. लोरेतो खिडकीकडे तोंड करून बसलेली. काका जर्मनमध्ये बोलले, मीही ऐकावं म्हणून असेल.

"अशी किती माणसं ऐकलीस तू?"

"मोजली नाहीत, पापा."

"नावं सांगता येत नाहीत, ते मला कळतं. पण रोज त्यांना ऐकून घरी यायचीस आणि मी तुझ्यापुढे बडबडत बसायचो. मला गप्प का नाही केलंस?"

"तुम्ही जेवण सोडलं असतं."

काका तिच्यावर इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. डबाभर माणसं वळून बघायला लागली.

"मग सोडू द्यायचं होतंस," ते म्हणाले.