लिंबावरून गेलेली गाडी

आमच्या अण्णांनी, म्हणजे वडलांनी, आयुष्यभर जालना ते राजूर काळी-पिवळी जीप चालवली. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाणारी निम्मी जनता त्यांच्याच जीपमध्ये कोंबलेली असायची, असं ते म्हणत. निम्मी जरा जास्तच झाली, पण कोंबलेली असायची हे खरं. मग एके दिवशी रस्त्यात आडवं आलेलं वासरू वाचवताना जीप नाल्यात पालथी झाली. वासरू वाचलं, माणसंही वाचली, एका म्हातारीचा हात मोडला. तो हात पुढं जुळून आला. अण्णा काही जुळून आले नाहीत.

त्याला कारण नुसता अपघात नव्हता. कारण माणसं होती. चहाच्या हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत, दाढी करायला बसले तरी, जो भेटेल तो विचारायचा, "काहो, पालथी केली कशी तुमी?" आधी अण्णा सगळं सांगायचे. मग थोडक्यात सांगायला लागले. मग त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. सायकलचं हँडलसुद्धा धरेनात. माय म्हणायची, "ह्या माणसानं एकदा तरी स्टेरिंग धरायला पाह्यजे. न्हाई तर असंच बसून बसून वाळून जाईल." मलाही तीच भीती होती, फक्त मी ती बोलत नव्हतो.

मी तेव्हा अंबडला स्टँडजवळ टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवत होतो. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. दुकानाच्या एका कोपऱ्यात व्हिडिओ गेम लावला होता. टीव्हीला जोडायचा डबा, त्यात चिमुकल्या गाड्यांची शर्यत, गाडीपेक्षा मोठ्या डोक्याचे ड्रायव्हर. पोरं हातातलं रिमोट असं दाबायची की महिन्याला एक मोडायचं. मला वैताग आला. शहरातल्या गेम पार्लरमध्ये खुर्चीवर बसून, खरं स्टेरिंग धरून खेळायची मोठी मशिनं असतात, ती मी एकदा पाहिली होती. म्हटलं, आपणच एक करू आणि राजूरच्या जत्रेत लावू. माझ्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायला दुसरं डोकं लागतं.

सुताराकडून प्लायवूडचं खोकं केलं. रिमोट उघडून डाव्या-उजव्या बटणाच्या वायरी बाहेर काढल्या आणि स्टेरिंगच्या दांड्याखाली दोन पट्ट्या बसवल्या. डावीकडं वळवलं की डावी पट्टी टेकायची, उजवीकडं वळवलं की उजवी. पायाखाली बिजागरीची फळी, फळीखाली पळायचं बटण. घरी सोफ्यावर बसून खेळायचा खेळ होता तो, त्याला मी खुर्चीत बसवत होतो.

स्टेरिंग मात्र मिळेना. जालन्यात भंगाराला काय तोटा, पण मला पारख कुठली? मुद्दामच अण्णांसमोर तीन-चार स्टेरिंगं आणून टाकली. त्यांनी दोन दिवस ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी बोटही न लावता म्हणाले, "ते काळं घे. बाकीची फोर्जरी हाय." भंगारातल्या नकली मालाला फोर्जरी म्हणणारा माणूस मी तेवढाच पाहिला. पण बोलले, ह्याचाच मला आनंद झाला. घरीच मशीन जोडून चालवलं तेव्हा दारातून बघत म्हणाले, "ही गाडी हाय का म्हैस? वळून राह्यली का लोळून राह्यली?" म्हटलं, तुम्ही बसून सांगा. ते आत निघून गेले.

चतुर्थीला सकाळीच टेम्पोतून मशीन राजूरला नेलं. देवळाच्या रस्त्यावर एका दुकानाच्या ओट्यावर मांडलं, लाइट घेतली. बघता बघता रांग लागली. अण्णांना मायनं दर्शनाच्या नावाखाली आणलं होतं. आता आमच्याकडं नवी गाडी घेतली की ती पहिल्यांदा राजूरला आणायची, नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि घरातल्या थोरल्यानं गाडी लिंबावरून न्यायची, ही रीत. माय हळद-कुंकू, नारळ, लिंबू सगळं घेऊन आली. म्हटलं, "माय, ही गाडी न्हाई, गेम हाय."

"स्टेरिंग हाय का न्हाई? मंग गाडीच."

मशीनला चाकं नव्हती. मायनं इकडंतिकडं पाहिलं आणि लिंबू पायाच्या फळीखाली सारलं. मग अण्णांकडं वळून म्हणाली, "आवं, बसा. पयल्यांदा थोरल्यानंच बसायचं असतंय. देवाच्या दारात न्हाई म्हनू नका."

रांगेतली माणसं बघत होती. अण्णांनी देवळाकडं पाहिलं, मायकडं पाहिलं आणि बसले. दोन्ही हातांनी स्टेरिंग धरलं. पाय दाबला. लिंबू फुटलं.

आणि रस सरळ बटणात उतरला. टीव्हीत जन्म गेलेल्या मला कळायला हवं होतं, पण कळेपर्यंत कनेक्शन चिकटलं होतं. अण्णांनी पाय उचलला तरी गाडी पळतच राहिली. "आरं थांबंना! थांबंना गाडी!" वळण आलं. स्टेरिंग वळवायच्या ऐवजी अण्णांनी ते छातीशी ओढून धरलं आणि गाडी कठडा ओलांडून पाण्यात गेली.

अण्णांचा चेहरा पांढराफटक झाला. रांगेत कोणी तरी हसलं. माय तोंडावर पदर धरून उभी. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत स्विचकडं धावलो.

तेवढ्यात पडद्यावर वरून एक पिटुकलं विमान आलं, त्यानं दोरी सोडली, पाण्यातून गाडी उचलली आणि आणून रस्त्यावर ठेवली. गाडी पुन्हा पळायला लागली.

"हे काय?" अण्णा म्हणाले.

"पडली की ते उचलून ठेवतंय, अण्णा. खेळच तसा हाय."

"अन् इचारत न्हाई कोनी, कशी पाडली म्हनून?"

"न्हाई."

माझा हात स्विचवर होता. "बंद करू नको," ते म्हणाले.

पुढच्या वळणावर गाडी पुन्हा पाण्यात गेली. विमान पुन्हा आलं. त्याच्या पुढच्या वळणावर अण्णांनी स्टेरिंग वळवलं. मागची गाडी जवळ आली तसे डाव्या अंगाला सरकून तिला साइड देत म्हणाले, "जा बाबा, तुला जल्दी हाय." सगळ्या गाड्या निघून गेल्यावर सगळ्यात शेवटी पोचले. लगेच दुसरी शर्यत सुरू झाली, ते उठले नाहीत.

रांगेतले ओरडायला लागले. मी त्यांना सांगितलं, मशीन बिघडलंय, थोडं थांबा. बिघडलं होतंच. मी अण्णांच्या मागं उभा होतो, त्यामुळं त्यांचा चेहरा मला दिसला नाही. फक्त प्रत्येक वळणाला त्यांचे खांदे वळणाच्या बाजूला झुकत होते, पूर्वी भरलेल्या जीपमध्ये झुकायचे तसे.